दुसऱ्या गाण्यातली घाई

खाटकाच्या दुकानातला मोठा फ्रीज शुक्रवारीच बंद पडायचा. इतालो स्कार्पिन त्याच्या मागे, भिंतीच्या फटीत अर्धा घुसून, कॉम्प्रेसरचा नट सोडवत होता. तेव्हा रेडिओवर त्याने स्वतःला ऐकलं.

आधी कळलंच नाही. गाणं ओळखीचं वाटलं, एवढंच. मग चौथ्या ओळीपाशी ड्रमची लय जराशी पुढे सरकली, उतारावर ब्रेक न ओढता सोडलेली गाडी सरकते तशी, आणि इतालोचा पाना नटावरच थांबला. ही घाई त्याची होती. माणूस दुसऱ्या खोलीतून आलेला स्वतःच्या बापाचा खोकला ओळखतो, तशी त्याने ती ओळखली.

गाणं संपलं. टाळ्या, शिट्ट्या. रेडिओवरचा निवेदक गहिवरून बोलायला लागला. "ब्रासेरो! आपल्या रोसारिओचा बँड. मार्च ब्याऐंशीचा कार्यक्रम, चाळीस वर्षं कपाटात पडलेली टेप, आणि आता ही रेकॉर्ड. ड्रमवर दार्दो माइदाना, एकोणीस वर्षांचा. मंडळी, तीन महिन्यांच्या आत हा पोरगा माल्विनास बेटांवर, इंग्रजांशी लढताना, चिखलात मेला. ऐकलंत कसा वाजवत होता?"

इतालोने डोकं वर केलं ते थेट फ्रीजच्या पत्र्यावर आपटलं.

"काय रे, करंट बसला का?" खाटीक म्हणाला.

"तो मी आहे."

"कोण?"

"ड्रमवर. आत्ता वाजलं ते. मी वाजवलंय."

"हो का? आणि मी पोप. नट फिरव बाबा, माझं मांस वास मारायला लागलंय."

इतालोने नट फिरवला. राग कितीही आला तरी मांस सडायचं थांबत नाही. पण त्या दिवशी त्याने दोन कामं अर्धवट सोडली, एका बाईच्या फ्रीजमध्ये गॅस भरायचाच विसरला, आणि संध्याकाळी मध्यवस्तीतल्या दुकानातून ती रेकॉर्ड विकत घेऊन घरी आला.

त्याची बायको निदिया चष्मा लावून कव्हर उलटसुलट बघत बसली. पुढे चार पोरांचा फोटो, दार्दो मधोमध, कानावर केस. मागे नावं. सगळ्यात खाली एका समीक्षकाने लिहिलेला परिच्छेद. तिने तो मोठ्याने वाचला.

"'ओली वीट या दुसऱ्या गाण्यात ड्रमची लय हळूहळू पुढे पळू लागते. आपल्याकडे वेळ कमी आहे हे त्या कोवळ्या मुलाला जणू कळून चुकलं होतं.'" तिने चष्मा काढला. "छान लिहिलंय."

"छान? अगं मी घाबरलो होतो! पहिल्या रांगेत पोलीस बसला होता आणि मला लघवीला लागली होती. म्हणून पळाली लय. कसली चाहूल आणि कसलं काय!"

"हे बघ, लग्नाला तेहतीस वर्षं झाली. तेवढी वर्षं मी ही गोष्ट ऐकतेय. आधी खरी वाटली, मग थाप वाटली, मग मी विचारच करायचं सोडून दिलं."

"आणि आता?"

"आता तू खरं बोलतोयस असं वाटतं. थाप मारणारा लघवीचं सांगत नाही."

एप्रिल आला की या देशाला त्या युद्धात मेलेली पोरं आठवतात. झेंडे बाहेर येतात, शाळांत भाषणं होतात, ज्यांनी त्या पोरांना उन्हाळी बूट घालून बर्फात पाठवलं त्यांच्यातलेच काही म्हातारे छातीवर बिल्ले लावून पुढच्या खुर्च्यांत बसतात. जी पोरं जिवंत परत आली ती पुढची दहा वर्षं बसमध्ये कॅलेंडरं आणि पेनं विकत फिरली, तेव्हा लोक खिडकीबाहेर बघायचे. मेलेला सोयीचा असतो. काही मागत नाही. त्याच्या नावावर काहीही खपवा, तो उठून नाही म्हणत नाही. यंदा चाळीसावं वर्ष होतं, म्हणून खपवायला रेकॉर्ड होती.

आणि तरी इतालोला त्या नावाचा राग येत नव्हता. दार्दोचा राग कसा येणार? दार्दोनेच त्याला ड्रम शिकवले होते. सैन्यात कुणी जायचं त्याची लॉटरी रेडिओवर लागली तेव्हा दोघं एकाच स्वयंपाकघरात, दार्दोच्या आईच्या टेबलाशी, रेडिओला कान लावून बसले होते. ओळखपत्राचे शेवटचे तीन आकडे पुकारायचे आणि मग त्यांना आलेला नंबर; मोठा आला की सैन्यात. इतालोला आला एकशे बारा. सुटला. दार्दोला सातशे एकतीस. गेला. फिरत्या पिंजऱ्यातून घरंगळलेल्या लाकडी गोळ्यांनी एवढंच ठरवलं. दार्दो हसून म्हणाला होता, "चला, मोजे विणायला घे आई." त्या दुपारनंतर इतालो आयुष्यभर कुठल्याही सोडतीचं तिकीट काढू शकला नाही.

मार्चमधल्या त्या शनिवारी दार्दोला छावणीतून सुट्टी मिळेल असं सगळे धरून चालले होते. मिळाली नाही. लष्कराचं राज्य होतं, कोण वाजवणार याची यादी आधीच पोलीस चौकीत दिलेली; तरी त्याच्या जागी इतालो बसला. पासष्ट मिनिटं. मग युद्ध लागलं, बँड मोडला, आणि इतालोने पुन्हा कधी लोकांसमोर काठ्या हातात धरल्या नाहीत. त्याच्या आयुष्यात दाखवण्यासारखं तेवढंच होतं, पासष्ट मिनिटं. बाकी सगळे फ्रीज.

शनिवारी सकाळी तो आमिल्कार ओयोलाच्या दुकानात शिरला. आमिल्कार त्या बँडचा गायक. आता गिटारच्या तारा विकायचा आणि मागे बांधलेली शेंडी काळी रंगवायचा.

"इतालो! अरे किती वर्षांनी! माते घेणार?"

"नाव बदल."

मातेच्या कडू पानांवर पाणी ओतायला उचललेली किटली आमिल्कारने खाली ठेवली. काय ते त्याला लगेच कळलं, हीच त्यातली सगळ्यात हलकट गोष्ट.

"टेपच्या खोक्यावर दार्दोचं नाव होतं. ब्वेनोस आइरेसच्या कंपनीने तेच छापलं."

"खोकं आदल्या दिवशी लिहिलं होतं! पोलीस चौकीत दिलेल्या यादीवरून उतरवून!"

"असेल. पण टेपवरही तेच आहे ना. शेवटी मी ओरडतो, ड्रमवर दार्दो माइदाना, आणि तू झांज वाजवतोस."

"कारण चौकीतला तो मिशाळ मांडीवर यादी घेऊन बसला होता! यादीत एक आणि स्टेजवर दुसराच असं त्याला कळलं असतं तर रात्रभर आपण सगळे आत गेलो असतो. तूच मला पडद्यामागे म्हणालास, आज तू दार्दो, हाक मारली की ओ दे."

"म्हणालो. आणि तू ओ दिलीस." आमिल्कारने हात पसरले. "मग मी काय करू सांग. खोकं म्हणतं दार्दो, टेप म्हणते दार्दो, चौकीच्या फायली उंदरांनी खाल्ल्या नसतील तर त्याही म्हणतात दार्दो. तू कुठे आहेस?"

"मी कुठे होतो ते तुला चांगलं माहितीये."

"मला माहिती असून काय? कंपनीला कागद लागतो. आणि खरं सांगू? या वयात मेलेल्या मित्राचा हेवा करतोस, बरं दिसत नाही रे."

इतालोने काउंटरवरची तारांची बरणी उचलली. फेकावी असं फार वाटलं. परत ठेवली.

"त्याचा हेवा नाही. तुझी किळस येते. त्याने लय पळवली असं छापलंयस तू. दार्दोने! अरे तो घड्याळ होता. तू नशेत अर्धी ओळ खायचास, तो तुला गोळा करून परत आणायचा. त्याच्या नावावर माझी चूक लावलीस आणि वर त्यातून रडू काढतोयस."

आमिल्कारने बरणी स्वतःकडे ओढली. मग आवाज उतरला. "त्याचं काहीच उरलेलं नाही, इतालो. सरावाच्या तीन टेपा होत्या. माझ्या भावाने त्यांच्यावर विश्वचषकाच्या मॅचेस भरल्या. एक ठोका नाही उरला त्याचा, कुठेच. म्हटलं, निदान नाव तरी असू दे कशावर तरी."

"मग थडग्यावर लिही."

"त्याच्या नावाचं थडगंही नाही. तिकडे बेटावरच्या थडग्यांवर नुसतं 'देवाला ठाऊक असलेला सैनिक' असं लिहिलंय. तो त्यांच्यातला कोणता, कुणास ठाऊक."

इतालोने दार ढकललं. तो बाहेर आला. पण पाय घराकडे वळेनात. कागद लागतो म्हणे. दार्दो दर रविवारी छावणीतून आईला पत्र लिहायचा, हे त्याला माहीत होतं. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता.

दार्दोच्या आईचं, दोन्या एल्बियाचं घर आरोयितो वस्तीत, नदीपासून चार गल्ल्या आत. इतालो तिथून सहा गल्ल्यांवर राहत होता आणि चाळीस वर्षं त्या रस्त्याने गेला नव्हता. गेलाच तर पलीकडच्या फुटपाथने, मान खाली घालून. एकशे बारा नंबरवाल्याने सातशे एकतीसच्या आईला काय तोंड दाखवायचं?

खिडकीतून रेकॉर्ड ऐकू येत होती. त्याचेच ड्रम. तो गेटशी तीनदा गेला आणि दोनदा परत फिरला. मग घंटा वाजवली.

दार उघडलं. सत्त्याऐंशी वर्षांची बाई, काठी, पायात पुरुषी सपाता.

"दोन्या एल्बिया, मी इतालो. स्कार्पिन."

"डोळे अजून शाबूत आहेत माझे. ये. पलीकडच्या फुटपाथने जायचास तेव्हा खिडकीतून बघत होते मी. टक्कल पडताना बघितलंय तुझं."

स्वयंपाकघर तेच होतं. टेबलही तेच, वर नवं प्लास्टिक. टेबलावर त्याच रेकॉर्डच्या चार-पाच प्रती पडल्या होत्या, पोरंपोरी सही घ्यायला ठेवून गेलेली. तिने सरळ जाऊन सुई उचलली.

"बंद करते तुझा हा धिंगाणा."

इतालो उभाच राहिला. "तुम्हाला माहितीये?"

"बस. माते घे. साखर नाही घालत मी, चालेल ना?" तिने मातेचा छोटा वाळका भोपळा भरून त्याच्या हातात दिला. "पहिल्यांदा लावली तेव्हा खूप रडले. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा रडता रडता थांबले. म्हटलं, हा कोण बाई? माझा मुलगा या टेबलावर रोज चमचे वाजवायचा, मी तिकडे मांसाच्या कापांची मिलानेसा तळायची. त्याच्या ठेक्यावर उलटायची. सोळा ठोके एक बाजू, सोळा दुसरी. कधी जळली नाही, कधी कच्ची राहिली नाही. आणि हा रेकॉर्डवरचा तर नुसता पळतोय. याच्या ठेक्यावर तळलं तर घरादाराचं पोट बिघडेल."

इतालोला हसू आलं.

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"कारण घंटा वाजते." तिने भोपळा परत घेतला. "चाळीस वर्षं दर दोन एप्रिलला नगरपालिकेचा एक माणूस यायचा, फूल घेऊन. दरवर्षी वेगळा. हातातला कागद बघून विचारायचा, माइदाना दानिएलचं घर हेच का? दानिएल! आता पोरं येतात. दार्दो म्हणतात. त्याच्या खोलीत जाऊन उभी राहतात, भिंतीला हात लावतात. एका मुलीने त्याचा स्वेटर हुंगला. वेडी आहेत, पण येतात. हे सगळं तुझ्या हातांमुळे. मला कळतं ते. म्हणून गप्प बसले."

"आणि मी आलो."

"आणि तू आलास. कशाला आलास ते बोल. चाळीस वर्षांनी माझी तब्येत विचारायला नाही आलास."

इतालो टेबलावरचं प्लास्टिक नखाने खरवडू लागला. येताना सगळं पाठ केलं होतं, हक्क, खरंखोटं, सगळं. आता तोंडातून जे निघालं ते लहान पोराने खेळणं मागावं तसं निघालं. "मला माझं नाव पाहिजे. दुसरं काही नाही आहे माझ्याकडे."

म्हातारी काठी टेकत आत गेली. बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यातली पत्रं तारखेने लावलेली होती. तिने न चाचपडता एक काढलं.

"रेकॉर्डवर तो नाही हे कळल्यावर हे आठवलं, शोधून काढलं. वाच. मोठ्याने. मी तो आवाज विसरत चाललेय, तुझ्या आवाजात तरी ऐकते."

इतालोने वाचलं. "'रविवार, अठ्ठावीस मार्च. आई, सुट्टी दिली नाही. बूट चमकत नव्हते म्हणे. काल कार्यक्रम झाला असेल. मी नसलो तर इतालोने बसायचं हे निघतानाच ठरलं होतं, यादीतल्या माझ्या नावावर. दुसऱ्या गाण्यात तो पळाला असणार, पैज लाव. त्याला सांग, नाव एका रात्रीपुरतं दिलंय, आलो की परत घेणार. तसा तो माझ्यापेक्षा बरा वाजवतो, फक्त घाई करतो. हे मात्र त्याला सांगू नकोस. जाड मोजे पाठव.'"

कागदावर पाणी पडेल म्हणून इतालोने तो लांब धरला.

"सांगितलं नाहीत तुम्ही."

"सांगू नकोस म्हणाला होता ना. आणि तू पलीकडच्या फुटपाथवर होतास."

बाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करायला किक मारत होतं. इतालोने पत्र घडी करून तिच्यासमोर सरकवलं. "राहू द्या. असू दे त्याचं नाव. आमिल्कार म्हणतो ते खरंय, त्याचं काहीच उरलेलं नाही. मी हे कंपनीला दाखवलं तर उद्यापासून तुमची घंटा वाजायची बंद होईल."

"होईल."

"मग नको मला."

टेबलावर काठी आपटली तसे चमचे उडाले. "माझ्या स्वयंपाकघरात संत होऊ नकोस! नाव मागायला आलास ना? मग घेऊन जा. तुझ्यावर उपकार करत नाहीये मी. दहा वेळा ऐकली मी ती रेकॉर्ड, माझ्या पोराला शोधत. एका ठोक्यात नाही सापडला. तुझे हात चिकटवलेत त्यांनी त्याला. लष्कराने मला कुणाचीतरी हाडं दिली असती आणि म्हणाले असते घ्या, हाच तुमचा, तर घेतली असती का मी? ते हात काढून ने तुझे. माझा मुलगा पळत नव्हता."

ती धापा टाकत बसली. इतालोने पाणी दिलं. तिने अर्धा पेला संपवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"पाच वाजता विद्यापीठाच्या रेडिओची बाई येणार आहे, मशीन घेऊन. फोनवर विचारत होती, सांगाल का दार्दो कसा वाजवायचा? मी सांगून काय सांगणार? तोंडाने ठेका येत नाही मला." तिने ओट्यावरून दोन चमचे घेतले आणि त्याच्यापुढे ठेवले. "तू त्याच्याकडेच शिकलास. वाजव. दुसरं गाणं. त्याच्यासारखं."

"मला नाही जमणार. तेव्हाही नाही जमलं."

"मी बसलेय ना ऐकायला."

त्याने चमचे उचलले. बोटं जाड झालेली, एका अंगठ्याला वेल्डिंगचा जुना डाग. सुरुवात ठीक झाली. तिसऱ्या ओळीपर्यंत म्हातारी डोळे मिटून होती. चौथ्या ओळीवर तिच्या भुवया जवळ आल्या.

"पळालास."

पुन्हा. "पळालास." पुन्हा. आता तो ओठांत आकडे मोजत होता, कपाळावर घाम, साठीचा माणूस, आणि हात पुढे, पुढे. चाळीस वर्षं त्याला वाटत होतं की पोलिसामुळे झालं ते. पोलीस केव्हाच मेला असेल. इथे एक म्हातारी आणि एक किटली सोडून कुणी नव्हतं, तरी हात पळतच होते.

घंटा वाजली. रेडिओची बाई आत आली, तिशीची, खांद्यावर पिशवी. तिने दोन्या एल्बियाच्या गालाचा मुका घेतला आणि मशीन टेबलावर मांडलं. लाल दिवा लागला.

"तर दोन्या एल्बिया, या रेकॉर्डमधून आपल्या मुलाला पुन्हा ऐकताना..."

"तो नाहीये त्यात."

"म्हणजे?"

"हा आहे. इतालो स्कार्पिन. इ-ता-लो. यादीत माझ्या मुलाचं नाव होतं आणि स्टेजवर हा होता. पत्र आहे, नंतर दाखवते, फोटो काढून घे. कंपनीला सांग, त्या ओयोलाला सांग, नाव बदला म्हणावं. झालं?"

बाईचं तोंड उघडं राहिलं. तिने इतालोकडे बघितलं. चाळीस वर्षं याच क्षणासाठी त्याच्याकडे भाषण तयार होतं. पण त्याच्या हातात चमचे होते आणि त्याला सुरुवातीचा ठोका विसरेल अशी भीती वाटत होती.

"सेन्योर स्कार्पिन, आपल्याला काय वाटतंय आत्ता?"

"त्याला विचारू नकोस, तो मोजतोय," म्हातारी म्हणाली. "ते मशीन जवळ घे. आता ऐक माझा मुलगा कसा वाजवायचा ते. चल रे."

इतालोने सुरुवात केली. एक ओळ. दुसरी. तिसरी. बाईने श्वास रोखला होता. चौथी ओळ आली, आणि त्याला खांद्यातून खाली ती घाई उतरताना जाणवली, ती जुनी, स्वतःची. तेवढ्यात एक कोरडा, हलका हात त्याच्या मनगटावर पडला आणि तिथेच राहिला. दाबला नाही. नुसतं त्याचं वजन. ठोका त्या हाताखालून उशिरा निघाला. मग पुढचाही.

पाचवी ओळ गेली. सहाव्या ओळीला तिने हात काढला, आणि तो पळाला.

"नाही," म्हातारी म्हणाली. "पुन्हा."

बाईने मशीन बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे चालू," दोन्या एल्बिया म्हणाली. "येईल. पुन्हा, इतालो."